जपात लक्ष टिकवायचं कसं: माळ हातात घेण्याआधीपासून आसन उचलेपर्यंत

रोज अकरा माळा होतात, पण मधल्या पाच माळांत काय झालं ते आठवत नाही. वर्षानुवर्षं जप करणाऱ्यांचीही हीच तक्रार असते, आणि त्यावर बहुतेक जण उपाय करतात तो माळा वाढवण्याचा. तो उपाय चुकीचा आहे. मणी ओढण्याचं काम अंगठा आणि मधलं बोट थोड्या दिवसांत शिकून घेतात. हात एकदा शिकला की त्याला तुमची गरज उरत नाही. तोंड नाम घेतं, हात मणी सरकवतो आणि मोकळं झालेलं लक्ष कालच्या भांडणात जाऊन बसतं. मग त्या वीस मिनिटांत अनुभव येतो तो भांडणाचाच, नामाचा नव्हे. माळ फक्त हातात असते.

खालची पद्धत सहा आठवड्यांची आहे, रोज वीस ते पंचवीस मिनिटांची. गुरूंकडून मंत्र, संख्या किंवा विधी मिळाला असेल तर त्यात काही बदलू नका. इथलं फक्त लक्ष कुठे ठेवायचं तेवढं घ्या.

## १. आदल्या दिवशीची तयारी

माळ मोजा. जपमाळेत १०८ मणी आणि वर एक मेरुमणी असतो. बाजारातून आणलेल्या माळेत एखादा मणी कमी-जास्त निघतो, म्हणून आणल्या दिवशीच मोजून घ्या. दोन मण्यांमध्ये गाठ असलेली माळ घ्या. गाठ नसली की मणी एकमेकांना चिकटून सरकतात, एका ओढीत दोन जातात आणि बोटांना वेगळा मणी असा जाणवतच नाही. मणी फार बारीक नकोत; हरभऱ्याएवढा मणी बोटांत नीट धरता येतो. तुळस, रुद्राक्ष की चंदन, हे आपापल्या उपासनेप्रमाणे. गळ्यातली माळ जपाला घेऊ नये असा संकेत आहे, तो पाळावा. जपाची माळ वेगळी राहिली की ती हातात आल्यावर मनालाही कळतं, आता काय करायचंय.

मंत्र एकच ठरवा. ‘राम कृष्ण हरि’, ‘श्रीराम जय राम जय जय राम’, ‘ॐ नमः शिवाय’, कुलदेवतेचं नाम, जे घरात चालत आलं असेल ते. सहा आठवडे तो बदलायचा नाही. मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती असं वार लावून नाम बदलणाऱ्याची उपासना खोटी नसते, पण लक्षाचा सराव मात्र दर दिवशी पहिल्या पायरीवरून सुरू होतो.

वेळ आणि जागा. पहाटे अंघोळीनंतर किंवा दिवेलागणीला. जेवणानंतर निदान दोन तास सोडा. जागा रोज तीच, आणि पाठीमागून कुणी ये-जा करणार नाही अशी. फोन सायलेंटवर ठेवून शेजारी ठेवणं चालत नाही, कारण तो वाजला नाही तरी ‘वाजला असेल का’ हा विचार वाजतच राहतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. गॅसवर दूध, कुकर, पाण्याची मोटर यातलं काहीही चालू ठेवून बसू नका. कान तिकडे लागलेले असतील तर पुढच्या एकाही पायरीचा उपयोग नाही.

आसन. धाबळी चौघडी घालून पसरा आणि बैठकीखाली आणखी एक घडी द्या. गुडघे कमरेपेक्षा खाली आले की कणा आपोआप सरळ राहतो. गुडघे वर राहिले तर दहा मिनिटांत कंबर दुखू लागते, आणि मग सगळं लक्ष कमरेवर जातं. गुडघेदुखी असेल तर खुर्ची घ्या. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत आणि पाठ खुर्चीला टेकलेली नको. खुर्चीवरचा जप कमी प्रतीचा नसतो.

> पडताळा: आसनावर बसून पाच मिनिटं काहीही न करता बसून पाहा. या पाच मिनिटांत कुठे दुखलं तर आसन दुरुस्त करा, सहनशक्ती वाढवत बसू नका.

## २. बसण्याआधीची दोन मिनिटं

कागदाचा तुकडा घ्या आणि डोक्यात घोळणारी कामं लिहून काढा. वीजबिल, शाळेची फी, कुणाला करायचा फोन. मन या गोष्टी जपाच्या मध्येच वर आणतं, कारण त्या विसरल्या जातील अशी त्याला धास्ती असते. कागदावर उतरलेल्या कामाची ओढ बरीच कमी होते. कागद आसनाजवळ ठेवू नका.

मग संकल्प. तो एका वाक्याचा आणि ऐकू येईल असा म्हणायचा: ‘आज दोन माळा, मोठ्याने, या जागेवरून न उठता.’ त्यात संख्या आणि रीत एवढंच. शांती मिळावी, दर्शन व्हावं, नोकरी लागावी हे त्यात घालू नका. देवाकडे मागणं गैर आहे म्हणून नव्हे. मागणं संकल्पात आलं की दर चार मण्यांनी मन ‘मिळालं का?’ असं बघायला जातं. मागायचं असेल ते उठताना, नमस्कार करताना मागावं.

## ३. शरीर थांबू द्या

बसल्या बसल्या माळ उचलणं ही घाईची चूक. अजून श्वास जिना चढल्यासारखा असतो आणि जपाला तोच वेग लागतो. हात मांडीवर ठेवा, जबडा सैल सोडा, जीभ टाळूला दाबलेली असेल तर सोडा. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही. नुसते दहा उच्छ्वास मोजा. मोजणी चुकली तर एकपासून पुन्हा. दहापर्यंत तीनदा चुकलात तर आज मन जास्त अस्वस्थ आहे एवढं कळलं. आजचा सगळा जप मोठ्यानेच करायचा.

## ४. वैखरी: मोठ्याने

सुरुवात आवाजाने. इथे बहुतेकांचा क्रम उलटा होतो. मानस जप सर्वश्रेष्ठ असं ऐकलेलं असतं, म्हणून पहिल्याच दिवशी ओठ मिटून मनात जप सुरू होतो. मनुस्मृतीत उपांशू जप, म्हणजे ओठांतल्या ओठांत केलेला, विधियज्ञाच्या (विधिपूर्वक केलेल्या यज्ञाच्या) शंभरपट आणि मानस जप हजारपट सांगितला आहे हे खरं. पण तो जपाच्या योग्यतेचा क्रम आहे. शिकायचा क्रम याच्या उलट, आवाजाकडून मौनाकडे जातो. मनातल्या जपाला धरून ठेवायला काही नसतं. आवाजाला कान असतात.

१. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर घ्या. अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढा. तर्जनी अलग. हात छातीजवळ राहू द्या; गोमुखी (जपाची कापडी पिशवी) असेल तर हात तिच्यात.

२. मेरूच्या शेजारच्या मण्यापासून सुरू करा.

३. आधी पूर्ण नाम म्हणा, ते संपल्यावर मणी ओढा. मणी आधी ओढलात तर हात पुढे पळतो आणि तोंड त्याच्यामागे धावतं.

४. स्वर खालचा, बोलण्यापेक्षा थोडा हळू. शेवटचं अक्षर कानाने ऐका. ‘हरि’मधली ‘रि’ ऐकू आली का? ‘जय जय राम’चं ‘जैजैराम’ होत नाही ना?

५. मेरू आला की तो ओलांडायचा नाही; माळ फिरवून उलट दिशेने सुरू करायची.

मेरूचा नियम केवळ रीत म्हणून पाळला जातो, पण लक्षाच्या दृष्टीने तो फार उपयोगी आहे. दर १०८ मण्यांनी हाताला थांबून वळावं लागतं, आणि शिकलेला हात स्वतःहून वळत नाही. मेरू कधी ओलांडला गेला ते कळलंच नाही, असं झालं तर निदान त्या घटकेला लक्ष माळेवर नव्हतं हे नक्की.

वेळेचा अंदाज असा: ‘राम कृष्ण हरि’ सावकाश म्हणायला दोन सेकंद धरले तर माळेला साडेतीन मिनिटांच्या थोडं वर लागतात. तेरा अक्षरी राममंत्राला चार सेकंद धरले तर सात मिनिटांच्या पुढे. पहिल्या आठवड्यात सात मिनिटांची असलेली माळ तिसऱ्या आठवड्यात चार मिनिटांत होऊ लागली, तर ती प्रगती नव्हे. अक्षरं गिळली जात आहेत.

> सावधान: संख्या पुरी करण्यासाठी शेवटची माळ पळवू नका. वेळ संपली तर मेरूपर्यंत जा आणि थांबा. दहा मिनिटांत पळवलेल्या चार माळा मनाला एकच गोष्ट शिकवतात, की जप हे लवकर उरकायचं काम आहे.

## ५. उपांशू: ओठांत

तिसऱ्या आठवड्यापासून. ओठ आणि जीभ हलतात, पण शेजारच्याला ऐकू जात नाही. इथे लक्षाची जागा बदलते: कान सोडायचे आणि जिभेवर यायचं. ‘र’ म्हणताना जीभ कुठे लागते, ‘म’ला ओठ कसे मिटतात, ते जाणवू द्या. पहिली माळ वैखरीच ठेवा, नंतरच्या दोन उपांशू.

नेहमी होणारी चूक म्हणजे श्वास आत घेतानाही जप ओढत राहणं. त्याने घसा कोरडा पडतो, छाती भरून येते. नाम उच्छ्वासावर येऊ द्या. श्वास घेताना गप्प राहिलात तर काही बिघडत नाही.

## ६. मानस: ओठ मिटून

पाचव्या आठवड्यापासून, आणि तोही एकच माळ, सगळ्यात शेवटी. ओठ मिटलेले, जीभ स्थिर, नाम आतल्या आत.

तीन गोष्टी बिघडतात. वेग दुप्पट होतो, कारण जिभेचं वजन आता त्याला नाही. घसा नकळत आवळला जातो. मध्येच एकदा आवंढा गिळून घसा सैल करा. आणि डुलकी लागते. डुलकी लागली तर डोळे अर्धे उघडा, नजर पुढच्या जमिनीवर दीड हातावर ठेवा आणि उपांशूवर या. तरीही पेंग येत असेल तर ती झोपेची थकबाकी असते, तिच्यावर मंत्राचा उपाय नाही. रात्री लवकर निजा.

> पडताळा: मानस माळेत पन्नास मणी झाल्यावर तुम्हाला नाम ‘आठवावं’ लागतं की ते चालूच असतं? आठवावं लागत असेल तर आणखी दोन आठवडे उपांशूवरच राहा.

## ७. मन गेलं, आता काय?

सगळा सराव खरा या पायरीचा आहे. आधीच्या सहा पायऱ्या इथे येण्यासाठी होत्या.

मन जाणारच. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाची रीत सांगताना मन जाणार हे धरूनच सांगितलं आहे: चंचल मन जिथून जिथून निसटेल तिथून तिथून ते आवरून परत आणावं. तिथे ‘निसटू देऊ नका’ असं म्हटलेलं नाही. तरीही मन गेलं की लोक एक तर स्वतःवर चिडतात, नाहीतर माळ पहिल्यापासून सुरू करतात. चिडण्यात लक्ष पुन्हा एकदा जातं, या खेपेला स्वतःच्या नालायकीवर. माळ पहिल्यापासून सुरू केली तर मन गेल्याची शिक्षा म्हणून जप वाढतो आणि जपाबद्दल नावड तयार होते.

करायचं ते असं:

अ. मणी थांबवा. मन गेल्याचं ज्या क्षणी कळलं त्या क्षणी हातातला मणी धरून ठेवा, ओढू नका.

आ. एका शब्दात नाव द्या. ‘बेत’, ‘आठवण’, ‘राग’, ‘हिशेब’. एकच शब्द. ‘मला वहिनींच्या त्या बोलण्याचा अजून राग येतोय’ हे नाव नव्हे, ते भांडणाचं पुढचं वाक्य आहे.

इ. तोच मणी पुन्हा. त्याच मण्यावर नाम एकदा सावकाश म्हणा, एक पायरी खाली उतरून. मानस चालू होता तर उपांशू, उपांशू होता तर मोठ्याने. मग मणी ओढा.

ई. पुढे चला. मागे किती मणी वाया गेले ते मोजू नका. माळेचे १०८ मणी असले तरी १०० च मोजायचे आणि वरचे आठ चुकीपोटी सोडायचे, अशी रीत आहे. चुकीची सोय माळेतच केलेली आहे.

एक आठवडा, फक्त एक आठवडा, हा प्रयोग करा. डाव्या हाताशी दोन वाट्या ठेवा, एकीत चिंचोके. मन गेल्याचं कळून ते परत आणलंत की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाका. पहिल्या दिवशी चार-पाच पडतील आणि वाटेल, वा, मन फारसं गेलंच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वीस पडले तर घाबरून जाऊ नका. पहिल्या दिवशी मन पाचदाच गेलं होतं पण प्रत्येक वेळी बराच वेळ बाहेर राहिलं; आता ते चार मण्यांत पकडलं जातं. त्यामुळे आकडा वाढणं हे सुरुवातीला चांगलं लक्षण आहे. पुढे तो हळूहळू उतरतो. आठवड्यानंतर वाट्या उचलून ठेवा, नाहीतर चिंचोके जमवणं हाच नवा जप होईल.

## ८. लक्ष कशावर ठेवता, तसा अनुभव

एकच मंत्र, एकच आसन, तरी दोघांचा अनुभव वेगळा का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. ‘नामात लक्ष ठेवा’ म्हणजे नामातल्या नेमक्या कशात?

ध्वनीवर ठेवलं तर मन लवकर निवतं. नवख्यांसाठी हेच. अडचण एवढीच की काही दिवसांनी आवाज गोड लागू लागतो आणि जपाचं गाणं होतं.

स्पर्शावर, म्हणजे मण्यावर आणि गाठीवर, उपांशूत जिभेवर ठेवलं तर पेंग येत नाही, विचारांचा गलका असताना आधार मिळतो. मात्र नुसत्या स्पर्शावर राहिलात तर अनुभव कोरडा राहतो. भाव येत नाही अशी तक्रार करणारे पुष्कळदा इथेच अडकलेले असतात.

अर्थावर ठेवलं तर भाव येतो. पतंजलींनी जपाबरोबरच त्याच्या अर्थाची भावना सांगितली आहे ती याचसाठी. पण अर्थ म्हणजे व्याख्या नव्हे. ‘हरि म्हणजे हरण करणारा, मग काय हरण करतो’ असा विचार सुरू झाला की प्रवचन होतं, जप थांबतो. ज्याला हाक मारतो आहोत तो ऐकतो आहे, एवढी एक जाणीव नामाखाली राहू द्यायची. विठ्ठलाला हाक मारताना घरातल्या माणसाला हाक मारल्यासारखी मारावी; हाकेत पत्ता समजावून सांगत नाहीत.

रूपावर ठेवायचं तर एकच भाग धरा: विटेवरचे पाय, कटीवरचे हात, समर्थांच्या रामाचं धनुष्य. पूर्ण मूर्ती डोळ्यांपुढे आणायला गेलात तर मुकुट येईपर्यंत पाय पुसले जातात आणि सगळी शक्ती चित्र जुळवण्यात जाते. ज्यांना मिटल्या डोळ्यांपुढे चित्र येतच नाही त्यांनी हा आधार सरळ सोडून द्यावा. तो दोष नाही, प्रत्येकाला चित्र दिसतंच असं नाही.

स्वतःच्या अवस्थेवर ठेवलं, म्हणजे ‘शांत वाटतंय का, काही होतंय का’, तर अस्वस्थताच हाती येते. हा आधार कुणी मुद्दाम निवडत नाही, पण सर्वांत जास्त वापरला जातो तो हाच.

> सावधान: एका आठवड्यात एकच आधार. रोज बदललात तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही.

## ९. ‘अनुभव’ आले तर

मिटलेल्या डोळ्यांपुढे ठिपके, रंग, फिकट उजेड सगळ्यांनाच दिसतो. एरवी आपण तिकडे बघत नाही. ‘जपात प्रकाश दिसतो’ असं ऐकून बसलेला माणूस पापण्यांच्या आतच बघत बसतो, म्हणून त्याला तो दिसतो. नाम मात्र सुटलेलं असतं. प्रकाश दिसला तर दिसू द्या, लक्ष ‘रा’वर आणा.

ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येत असतील तर बहुधा श्वास जोरात चालला आहे. वेग कमी करा. पायाला मुंग्या येणं हे मांडीखाली नस दबल्याचं लक्षण आहे, कुंडलिनीचं नव्हे; पाय बदला, आणि बधिर पायावर एकदम उभे राहू नका. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पुसायला हात उचलू नका आणि ते का आलं याचा शोधही घेऊ नका. नंतर वेळ आहे.

> सावधान: जपात भीती दाटून येत असेल, आज्ञा देणारे आवाज ऐकू येत असतील, दिवसभर आपण स्वतःपासून तुटल्यासारखं वाटत असेल किंवा झोप उडाली असेल तर जप वाढवू नका. थांबा आणि डॉक्टरांना भेटा. मानसिक आजाराचं औषध चालू असेल तर ते जपाच्या भरवशावर बंद करू नका, आणि मौनाची, उपासाची किंवा तासन्‌तास बसण्याची अनुष्ठानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

## १०. उठणं

शेवटचा मणी झाला की माळ डोळ्यांना लावून ठेवून द्या आणि एक मिनिट तसंच बसा. या मिनिटात नाम घ्यायचं नाही, काहीच करायचं नाही. पुष्कळांना सगळ्यात निवांत क्षण इथेच मिळतो आणि नेमका तोच ते घाईत सोडून उठतात. उठल्यावर निदान पाच मिनिटं फोनकडे जाऊ नका.

वहीत तीन गोष्टी लिहा: किती वाजता बसलात, कुठली रीत, आणि मन जास्तीत जास्त कुठे गेलं. ‘जप चांगला झाला’ किंवा ‘वाईट झाला’ असं लिहू नका. तो शेरा दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर आसनावर येऊन बसतो. पंधरा दिवसांनी तिसरा रकाना एकत्र वाचा. एकच शब्द परत परत दिसला, समजा ‘पैसे’ किंवा मुलाचं नाव, तर तो प्रश्न जपात सुटणारा नाही. तो दिवसाउजेडी बसून सोडवायचा, घरातल्यांशी बोलायचा.

## सहा आठवडे एका नजरेत

पहिले दोन आठवडे: दोन माळा, दोन्ही वैखरी, लक्ष ध्वनीवर. दुसऱ्या आठवड्यात चिंचोक्यांचा प्रयोग.

तिसरा आणि चौथा: एक वैखरी, दोन उपांशू. तिसऱ्यात लक्ष स्पर्शावर, चौथ्यात अर्थावर.

पाचवा आणि सहावा: एक वैखरी, एक उपांशू, एक मानस. लक्ष अर्थावर, ज्यांना चित्र सहज येतं त्यांनी सहाव्यात रूपावर.

तेरा अक्षरी मंत्र असेल तर तीन माळांनाच वीस मिनिटं लागतात. त्यात माळ वाढवू नका. लहान नाम असेल तर आधी वेग तपासा आणि मगच चौथी माळ घ्या, तीही वैखरी.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट माळा करून भरपाई करू नका, नेहमीएवढ्याच करा. सलग तीन दिवस चुकले तर ज्या आठवड्यात होतात त्याच आठवड्याच्या पहिल्या दिवसापासून सुरू करा. प्रवासात आसन-माळ नसेल तर उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर मोजा: अनामिकेच्या मधल्या पेरापासून खाली, मग करंगळीवरून वर आणि अनामिकेच्या व मधल्या बोटाच्या टोकांवरून तर्जनीच्या मुळापर्यंत, अशी दहा पेरं होतात. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं मेरू समजून सोडतात. एसटीत खिडकीशी बसून असा शंभर नामांचा जप झाला तर वहीत त्याचीही नोंद करा.